मांजराचा खांदा आणि आपला खांदा: स्नायू तेच, बांधणी वेगळी

गळ्याच्या खाली, शर्टाच्या कॉलरजवळ बोट फिरवून बघा. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत एक आडवं, जरासं नागमोडी हाड हाताला लागतं, तेच कॉलरबोन. आपला अख्खा हात, म्हणजे खांद्याचं पातं, दंड, कोपर, मनगट, बोटं सगळं मिळून, धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला असतो तो फक्त या एका वाटेने. म्हणून पावसात म्हापशाच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि माणूस हात टेकून पडला की बऱ्याचदा हेच हाड मोडतं, हाताला बसलेला दणका तिथूनच धडाकडे जातो ना. आता घरातल्या मांजराच्या त्याच जागी हलकेच बोट फिरवा. तसलं हाड लागणारच नाही.

मांजराला कॉलरबोन असतं, नाही असं नाही, पण अगदी बारीक, वाकडा तुकडा, स्नायूच्या आत रुतून बसलेला. त्याचं एक टोक छातीच्या हाडाला टेकत नाही की दुसरं खांद्याच्या पात्याला. एक्सरेत तो दिसतो तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की मांजराच्या घशात काहीतरी हाड अडकलंय. थोडक्यात काय तर मांजराचे पुढचे दोन्ही पाय धडाला हाडाने कुठेच जोडलेले नाहीत, ते निव्वळ स्नायूंनी बांधलेत. ही एक गोष्ट नीट कळली ना की मांजर चालतं कसं, उडी मारून उतरतं कसं, गजातून घुसतं कसं, हे सगळं आपोआप उलगडायला लागतं.

मी फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. अ‍ॅक्टिन-मायोसिन मुलांना पाठ असतं, आकृती तर डोळे मिटून काढतील, पण कुठला स्नायू कुठून कुठे बांधलाय आणि म्हणून तो काय काम करतो असं विचारलं की सगळे गप्प, कारण पुस्तकात तेवढं खोलात जातच नाहीत. आणि मला तर वाटतं खरा गाभा तिथेच आहे, आणि तो समजून घ्यायला मांजर हा फार चांगला प्राणी आहे, ते बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, लोळत पडलेलं असतं, हात लावू देतं, आणि त्याच्या अंगावर स्नायू हलताना उघड्या डोळ्यांनी दिसतात.

आधी जे सारखं आहे ते सांगते. स्नायूचा धागा मांजराचा घ्या की माणसाचा, आत प्रथिनांचे तेच दोन तंतू, जाड मायोसिन आणि बारीक अ‍ॅक्टिन, ते एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखूड होतो. हे 1954 साली दोन जोड्यांनी एकाच वेळी मांडलं, एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन (दोघे हक्सली एकमेकांचे कोणी लागत नव्हते). हाडांवरचे स्नायू, हृदयाचा स्नायू, आतड्यांच्या भिंतीतले स्नायू हे तीन प्रकारही दोघांत तेच. म्हणजे माल एकच आहे.

मग फरक येतो कुठून? स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा कोपराच्या मागचा स्नायू ओढून हात सरळ करत असतो. म्हणजे स्नायू काय काम करणार हे त्याची दोन टोकं कुठल्या हाडांना बांधलीत त्यावर ठरतं, तो किती रुंद, किती लांब आहे त्यावर ठरतं, आणि आतले धागे चटकन आखडणारे की सावकाश आखडणारे यावर ठरतं. टोक थोडं इकडे-तिकडे सरकलं की तोच स्नायू दुसऱ्याच कामाला लागतो. मांजर आणि माणूस यांच्यात मुख्यतः हेच झालंय.

म्हणूनच बहुतेक स्नायूंची नावंही दोघांत तीच आहेत. अमेरिकेत कित्येक कॉलेजांत मुलं माणसाचे स्नायू शिकण्यासाठी मांजराचं डिसेक्शन करतात. आमच्याकडे बांबोळीला मेडिकलची मुलं मानवी देहावरच शिकतात, आणि साध्या कॉलेजांतली प्राण्यांची चिरफाड यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) बंद केलीय, ते योग्यच झालं असं माझं मत आहे. जिवंत मांजराकडे शांतपणे बघत बसलं तरी पुष्कळ शिकता येतं.

आता खांदा. मानेच्या मागून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलं की जो दगडासारखा होतो तो, आपल्यात एकच सलग स्नायू आहे, वरचा-मधला-खालचा असे त्याचे तीन भाग. मांजरात हेच तीन भाग तीन सुटे स्नायू आहेत: क्लॅव्होट्रॅपेझियस, अ‍ॅक्रोमिओट्रॅपेझियस, स्पायनोट्रॅपेझियस. खांद्याच्या गोलाईवरचा डेल्टॉइड, जिथे आपल्याला लस टोचतात, त्याचंही तसंच, आपल्यात एक आणि मांजरात तीन. नावं बघून घाबरू नका, कॉलरबोनकडचा तो क्लॅव्हो, पात्याच्या टोकाकडचा अ‍ॅक्रोमिओ, पात्यावरच्या कण्यासारख्या उंचवट्याकडचा स्पायनो, एवढंच.

यात सगळ्यात बघण्यासारखा तो क्लॅव्होवाला. मांजराच्या डोक्याच्या मागून क्लॅव्होट्रॅपेझियस निघतो, खाली त्या बारीकशा कॉलरबोनपाशी येतो, आणि तिथे त्याला डेल्टॉइडचा क्लॅव्होवाला भाग जोडला जातो, जो पुढे पार कोपराच्या खालच्या हाडापर्यंत जातो. म्हणजे मानेपासून कोपराच्या खालपर्यंत एक लांबच लांब पट्टा तयार झाला, आणि तो आखडला की अख्खा पुढचा पाय एकदम पुढे येतो. आपल्यात याच पट्ट्याच्या मधोमध घट्ट बसवलेलं कॉलरबोन आहे, त्यामुळे पट्ट्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या कामांना लागले, वरचा तुकडा खांदा उचलतो आणि खालचा तुकडा हात वर नेतो. खांदे उडवून "माहीत नाही" म्हणता ना, ते करणारा स्नायू मांजरात पाऊल पुढे टाकण्याच्या कामावर आहे.

मांजर चिऱ्याच्या गडग्यावरून (कुंपणाच्या भिंतीवरून) चालत असेल तेव्हा त्याला मागून न बघता बाजूने, त्याच्या पाठीच्या उंचीवर डोळे आणून बघा. पुढच्या पायावर वजन पडलं की त्या बाजूच्या खांद्याच्या पात्याची वरची कड पाठीच्या कण्याच्याही वर उचलली जाते, कातडीखाली ती उठलेली स्पष्ट दिसते, आणि तो पाय उचलला की कड खाली जाते आणि दुसऱ्या बाजूची वर येते. डावी, उजवी, डावी, उजवी. मांजर दबा धरून सरकत असेल तर हे अजूनच ठळक दिसतं, कारण डोकं आणि धड खाली घेतलेलं असतं आणि दोन पाती वर निघालेली असतात. आपली पाती पाठीवर सपाट पडलेली, मांजराची मात्र छातीच्या दोन्ही बाजूंना उभी, कारण त्याची छाती अरुंद आणि खोल आहे, आपली रुंद आणि पुढून-मागून चपटी.

ही पाती धडाला धरून कोण ठेवतं? मुख्यतः सेराटस नावाचा स्नायू. आपल्यात तो बरगड्यांवरून निघून पात्याच्या आतल्या कडेला जातो, पुश-अप मारताना पातं बरगड्यांना चिकटवून ठेवतो, बॉक्सिंग करणाऱ्यांच्या काखेखाली बोटांसारख्या रेषा दिसतात त्या त्याच्याच. त्याची नस निकामी झाली की पातं पंखासारखं बाहेर येतं. मांजरात याच स्नायूचं काम केवढं मोठं झालंय बघा. दोन्ही बाजूंचे सेराटस मिळून छातीखाली झोळी बांधल्यागत झालेत आणि मांजराच्या धडाचा पुढचा भाग त्या झोळीत लटकलेला असतो. मांजर गडग्यावरून खाली उडी टाकतं तेव्हा पुढचे पाय आधी टेकतात, आणि बराचसा दणका या स्नायूंच्या ताणण्यात जिरतो. हाडाचा सांधाच नाही म्हटल्यावर तिथे मोडायला काही नाही.

त्याच कारणाने मांजर खिडकीच्या गजातून घुसतं. डोकं गेलं की मागून खांदे एकमेकांजवळ आणून काढून घेतं, आपल्याला ते शक्य नाही कारण कॉलरबोन दोन खांद्यांमधलं अंतर कायम राखून ठेवतं. हे अंतर राखणं म्हणजे आपल्यासाठी तोटा आहे असं मात्र समजू नका. माडावर चढणारा पाडेली बघा, दोन्ही हात बाजूला पसरून खोडाला मिठी घालतो, डोक्याच्या वर हात नेऊन नारळाचा घड कोयत्याने तोडतो, एका हाताने लोंबकळतोसुद्धा. हात धडापासून बाजूला आणि वर नेऊन तिथे जोर लावायचा तर हात मागे टेकायला काहीतरी पक्कं लागतं, ते कॉलरबोन. मांजराचा पुढचा पाय पुढे-मागे झकास जातो, बाजूला फार नाही.

छातीचे स्नायूही सांगून टाकते. आपल्याला पेक्टोरालिस मेजर आणि मायनर असे दोन, मेजर मोठा, जिममधली पोरं जो फुगवतात तो. मांजरात छातीला चार आहेत, आणि मायनर नाव असलेला मेजरपेक्षा मोठा! नावं माणसावरून दिल्याचा हा परिणाम. आपला मायनर खांद्याच्या पात्याला जातो, मांजराचा थेट दंडाच्या हाडाला. हे चारही मिळून पुढचे पाय अंगाखाली आत ओढून धरतात, म्हणून मांजर चारही पावलं जवळजवळ एका रेषेत टाकत अरुंद भिंतीवरूनही आरामात जातं.

मागच्या पायांकडे जाऊ. मुलांना मी मांजराचा मागचा पाय दाखवून विचारते, गुडघा कुठे? निम्मी मुलं तो मागे वळलेला कोपरा दाखवतात. ती टाच आहे. गुडघा वर पोटाजवळ, आपल्यासारखाच पुढे वाकणारा. मांजर बोटांवर चालतं, टाच कायम उचललेली, आपण टाच टेकून चालतो. पायात हाडं साधारण तीच, पण चवड्यावर उभं राहिल्यामुळे पायाला एक जास्तीचा दुमडणारा भाग मिळाला आणि उडी मारताना खुबा, गुडघा आणि घोटा तिन्ही एकदम उघडतात.

उभं राहण्याचा सगळ्यात मोठा परिणाम दिसतो तो कुल्ल्यांवर. ग्लुटियस मॅक्सिमस हा आपल्या अंगातला सगळ्यात मोठा स्नायू. पणजीच्या चर्चच्या त्या पायऱ्या चढताना त्यावर हात ठेवून बघा, प्रत्येक पायरीला कडक होतो, आणि वर पोचून सपाटीवर चालायला लागलात की बराचसा सैल पडतो. चढणं, पळणं, वाकलेलं धड सरळ करणं, ही त्याची कामं. मांजराचा मॅक्सिमस नावाचाच मॅक्सिमस, छोटासा आहे, त्याच्या शेजारचा ग्लुटियस मिडियस त्याच्यापेक्षा मोठा, आणि जोडीला कॉडोफेमोरालिस म्हणून एक स्नायू आहे, शेपटीच्या मुळापासून निघणारा, जो आपल्यात नाहीच. मांजराची खरी ताकद मांडीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस आपल्यात मागच्या बाजूला दोन तोंडांचा लांबट स्नायू आहे, मांजरात तो एवढा रुंद पसरलेला असतो की मांडीची बाहेरची बाजू बहुतेक त्यानेच झाकलेली असते. सार्टोरियस, म्हणजे मांडी घालून बसताना लागणारा, आपल्यात अंगातला सगळ्यात लांब पण अरुंद, आणि मांजरात चांगला रुंद.

व्यवहारात याचा उपयोग असा की माणसाला कुल्ल्यावर इंजेक्शन देतात, मांजराला तिथे मांसच कमी, आणि मांडीच्या मागून सायटिक नस जाते, म्हणून व्हेट लोक, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, स्नायूत द्यायचं असेल तर मांडीच्या पुढच्या बाजूला किंवा कमरेच्या स्नायूत देतात. घरी कुणी स्वतःच टोचायचा विचार करत असेल तर कृपा करून करू नका.

पोटरीवर जरा जास्त बोलणार आहे, कारण स्नायूंबद्दल जगाला जे कळलंय त्यातला मोठा भाग मांजराच्या पोटरीतून कळलाय. पोटरीत वरचा गॅस्ट्रोक्निमियस आणि त्याच्याखाली सोलियस, दोघांचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टाचेला. मांजरात सोलियस जवळजवळ पूर्णपणे सावकाश धाग्यांचा, न थकता तासन्‌तास ताण धरून ठेवणारा, आणि गॅस्ट्रोक्निमियसमध्ये चटकन आखडणारे धागे भरपूर, जोर दांडगा पण त्यातले पुष्कळ लवकर दमतात. 1978 साली चालत्या-पळत्या मांजरांच्या टेंडनवरचा ताण मोजला गेला तेव्हा दिसलं की मांजर उभं असो, चालो किंवा उडी मारो, सोलियसचा ताण साधारण तेवढाच राहतो, आणि वेग वाढला, उडी मारली की गॅस्ट्रोक्निमियसचा ताण कितीतरी वाढतो. म्हणजे एकाच पोटरीत, एकाच टाचेला बांधलेले दोन स्नायू, एक उभं राहायला आणि एक झेप घ्यायला.

त्याच्याही आधी, 1960 मध्ये, जॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरात एक प्रयोग केला. सावकाश स्नायूला जाणारी नस कापून चटकन आखडणाऱ्या स्नायूला जोडली आणि त्याची याला. काही काळाने बघतात तर सावकाश स्नायू चपळ व्हायला लागला होता आणि चपळ स्नायू सावकाश! स्नायूचा स्वभाव बऱ्याच अंशी त्याला येणाऱ्या नसेवरून ठरतो हे त्यातून कळलं, आणि आज लकव्यानंतर, नसेच्या दुखापतीनंतर स्नायूंचं काय होतं हे समजायला त्याचा आधार आहे. एकल्सना 1963 मध्ये नोबेल मिळालं, ते नसांच्या पेशींवरच्या कामासाठी. या प्रयोगांत जी मांजरं गेली त्यांच्याबद्दल वाचताना मला वाईट वाटतं, आणि त्यांच्यामुळे जे कळलं ते नीट शिकवायला हवं असंही वाटतं.

आपला सोलियसही बहुतांश सावकाश धाग्यांचा आहे, कदंबा बसच्या लायनीत तासभर उभं राहता येतं ते त्याच्या जिवावर. पण एकूण अंगाचा हिशोब बघितला तर माणूस दमाने, लांबवर चालणारा प्राणी. गोव्यातून पंढरपूरला चालत जाणारे वारकरी रोज मैलोन्‌मैल चालतात, आणि अंगभर घाम येत असल्यामुळे अंग थंड ठेवत चालतात. मांजराला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना. ते दबा धरून बसतं, एक झेप घेतं, काही सेकंदांत काय तो निकाल लागतो, आणि मग झोपतं. तुमचं मांजर दिवसभर झोपतं म्हणून आळशी म्हणू नका, त्याचे स्नायूच तशा कामाचे आहेत.

कणा बघायचा तर मानेत मणके दोघांनाही 7, पुढे छातीत आपले 12 आणि त्याचे 13, कमरेत आपले 5 आणि त्याचे 7. कंबर लांब, आणि तिच्यावरचे स्नायू जबरदस्त. पळताना मांजर कणा वाकवून आखडतं आणि सरळ करून फेकतं, त्यामुळे प्रत्येक झेपेत अंतर वाढतं. उंचावरून उलटं पडलेलं मांजर हवेतच सरळ होतं, त्याचे फोटो 1894 मध्ये फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांनी एकामागून एक घेऊन दाखवले. आधी पुढचे पाय आखडून पुढचं अर्धं अंग वळवतं आणि तेव्हा मागचे पाय लांब ठेवतं, मग उलट करून मागचं अर्धं वळवतं, कंबर मध्ये वाकलेली. आधाराला काहीही नसताना हे घडतं, आणि ते घडवतात कमरेचे स्नायू. (म्हणून मांजर कुठूनही पडलं तरी त्याला काही होत नाही असं नाही हां, फ्लॅटच्या गॅलरीला जाळी लावा.)

शेपटीच्या स्नायूंचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. मांजराच्या ओटीपोटाच्या हाडातून निघून शेपटीच्या मुळाला जाणारे काही स्नायू आहेत, शेपूट खाली दाबणं, बाजूला ओढणं हे त्यांचं काम. आपल्याला शेपूट नाही, माकडहाड तेवढं उरलं, मग ते स्नायू गेले कुठे? गेले नाहीत. आपण दोन पायांवर उभे राहिलो तेव्हा पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन खाली ओटीपोटाच्या तोंडावर आलं, आणि ते तोंड खालून धरून ठेवायच्या कामाला हेच स्नायू लागले, कॉक्सिजियस आणि लिव्हेटर एनाय. मांजराचे अवयव पोटाच्या भिंतीवर टेकलेले असतात, त्याला ही अडचण नाही. बाळंतपणानंतर बायकांना फिजिओथेरपिस्ट जो पेल्विक फ्लोअरचा व्यायाम करायला सांगतात, खोकलं-शिंकलं की लघवी सुटते त्यावर जो उपाय असतो, तो याच स्नायूंचा. आमच्याकडे बायका याबद्दल बोलत नाहीत, सहन करत बसतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे, हा एक स्नायू आहे, कामाचा भार जास्त झाला की सैल पडतो आणि बऱ्याच जणींना व्यायामाने फरक पडतो, डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

पंजाकडे या. मांजर मांडीवर शांत बसलेलं असताना एक बोट वरून आणि खालून चिमटीत धरून अगदी हळू दाबा, नख बाहेर येतं. आपल्याला वाटतं मांजर नखं आत ओढून घेतं. प्रत्यक्षात उलट आहे, काहीही जोर न लावता नखं आतच असतात, लवचिक अस्थिबंधांनी वर खेचून ठेवलेली, आणि बाहेर काढायला स्नायू लागतो. तो स्नायू म्हणजे बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत टेंडन जाणारा खोल फ्लेक्सर, म्हणजे वाकवणारा स्नायू. आपल्यात तोच स्नायू बोटाचं शेवटचं पेर वाकवतो. डाव्या हाताच्या पंजाने उजवा हात कोपराच्या खाली धरा आणि उजव्या हाताची फक्त बोटांची टोकं वाकवा, खाली स्नायू हलताना जाणवेल. मांजर हाच स्नायू आखडून नखं काढतं. आणि नख बोटाच्या शेवटच्या हाडावरच उगवलेलं असल्यामुळे नखं कायमची काढून टाकणं म्हणजे ते हाडच कापणं, सोफा वाचवायला असलं काही करू नये. नखांचा बाक मागे वळलेला म्हणून आंब्यावर सरसर चढलेलं मांजर डोकं खाली करून उतरू शकत नाही, उलटं सरकत यावं लागतं, आणि ते ज्याला जमत नाही ते वर बसून ओरडतं.

अंगठ्याच्या बाबतीत मात्र मांजर आपल्या जवळपासही नाही. आपल्या अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा आहे ना, तो त्याच्या स्वतःच्या छोट्या स्नायूंचा, आणि वर अंगठ्याचं टोक वाकवायला हातात एक वेगळा स्नायू दिलेला. सुई ओवणं, बांगड्याचा काटा काढणं त्याच्यामुळे जमतं.

चेहरा आणि कातडी थोडक्यात सांगते. मांजराच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, कारण कातडीला चिकटून स्नायूचा मोठा पातळ थर असतो. आपल्यात त्यातला मुख्यतः मानेवरचा प्लॅटिझ्मा उरलाय, दात विचकून मान ताणली की उभ्या शिरा दिसतात तो. कान हलवायला मांजराकडे वीसच्या वर स्नायू, आपल्याकडे बाहेरून कानाला येणारे तीन, आणि तेही बहुतेकांचे निकामी. जबडा त्याचा फक्त वर-खाली होतो, आपल्यासारखा आडवा फिरवून चावता येत नाही, म्हणून मांजर तुकडा तोडून जवळजवळ तसाच गिळतं.

आता हे सगळं घरात कुठे उपयोगी पडतं ते. मांजराला पुढच्या पायांना धरून लोंबकळत उचलू नका, तिथे हाडाचा सांधा नाही हे आता माहीत झालंय. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, असं उचला.

आपल्या मानेच्या मागे डोकं सावरायला मदत करणारा एक अस्थिबंध असतो, मांजराला तो नसतो, डोकं सावरायचं सगळं काम स्नायूंवर. त्यामुळे स्नायू कुठल्याही कारणाने कमजोर पडले की मान खाली पडते, हनुवटी छातीला लागते, आणि मांजर मान उचलू शकत नाही. म्हाताऱ्या, किडनी बिघडलेल्या मांजरात पोटॅशियम कमी झालं की असं होतं. थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, कमी पडलं तरी होतं, आणि हे आमच्या गोव्यातल्या घरांसाठी महत्त्वाचं, कारण काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन मोडून टाकणारं एन्झाइम असतं. बाजारातून आणलेले तारले-पेडवे साफ करताना मांजर पायात घुटमळतं, आपण डोकी-आतडी तशीच कच्ची टाकतो, कधीमधी टाकल्याने आकाश कोसळत नाही, पण रोजचं जेवणच ते असेल तर धोका आहे. शिजवलं की ते एन्झाइम निकामी होतं.

हृदय हासुद्धा स्नायूच, आणि तिथे मांजराची एक खास गरज आहे, टॉरिन. आपलं शरीर ते बनवू शकतं, मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही, त्याला ते मांस-मासळीतूनच मिळालं पाहिजे. 1987 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलेल्या मांजरांचं हृदय पातळ आणि ढिलं होऊन पसरतं, आणि टॉरिन दिल्यावर बऱ्याच मांजरांत ते सुधारतं, त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात त्याचं प्रमाण वाढवलं. म्हणून नुसतं शीत-कढी कालवून मांजर पोसता येत नाही, ते जगतं, पण हृदयाची झीज होत राहते. मासे उकळले तर टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी न फेकता त्यातच कालवून द्या, मीठ-मसाला-कांदा काही नको, काटे काढून.

आणि दुसरा हृदयविकार, ज्यात हृदयाची भिंत जाड होते, तो मांजरांत सगळ्यात जास्त दिसतो. मेन कून जातीत त्याला कारणीभूत असलेला जीन 2005 मध्ये सापडला, मायोसिनला धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचा, आणि माणसांत तरुण वयात अचानक हृदय बंद पडायला कारण ठरणाऱ्या तशाच आजारात पुष्कळदा हाच जीन बिघडलेला असतो. मांजरात हा आजार बाहेरून दिसत नाही, चांगलं खातं-पितं मांजर असतं आणि एके दिवशी हृदयात तयार झालेली गुठळी मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. मांजर एकदम किंचाळतं, मागचे पाय ओढत चालतं, पाय हाताला गार लागतात, गाद्या निळसर-पांढऱ्या पडतात. गाडीखाली आलं असेल, मुका मार असेल, सकाळी बघू असं म्हणून थांबू नका, पाय चोळू नका, शेकू नका, आहे त्या वेळेला उचलून व्हेटकडे न्या.